फुग्याची बंदूक आणि मधला रकाना

पंचवीस नोव्हेंबर, मंगळवार. डिसेंबरची गर्दी सुरू व्हायच्या आत फुगे फोडायच्या तिन्ही बंदुका उघडून साफ करायच्या, हे माझं दरवर्षीचं काम. आज सकाळी ते काढलं. पडवीत जुनी ओढणी पसरली, पेचकस, दातांचा टाकाऊ ब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा घेऊन बसले आणि पहिल्या बंदुकीची मागची साईट सोडवली.

ज्यांनी बंदूक कधी उघडली नाही त्यांच्यासाठी सांगते. नेम धरायला बंदुकीवर दोन गोष्टी असतात. नळीच्या टोकाला एक काटा, आणि मागे, डोळ्याजवळ, खाच असलेली एक पट्टी. ही पट्टी म्हणजे मागची साईट. तिच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढं चाक असतं. ते फिरवलं की पट्टी डावीउजवीकडे सरकते, आणि पट्टी सरकेल तिकडे छर्रा जातो. चाकाच्या आत एक खाचांची चकती आणि त्या खाचांत बसणारी बारीक गोळी. चाक फिरवताना 'टक, टक' होतं ते ती गोळी एका खाचेतून दुसरीत जाते म्हणून. खाच शाबूत तोवर पट्टी जागेवर. खाच घासली की पट्टी प्रत्येक बाराबरोबर मनाला येईल तिकडे जाते.

आज उघडलं तर चकती जशीच्या तशी. पाच-सहा वर्षं झाली, एक ओरखडा नाही. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही फुग्यावाल्याला विचारा, ती वर्षभर टिकत नाही. माझीही टिकत नव्हती. ही चकती ज्यांनी केली ते माझे मालक, म्हणजे माझा स्टॉल ज्या वाडीच्या कोपऱ्यात आहे त्या वाडीचे मालक. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. रडायचं ते तेव्हाच रडून झालं. गावात आता त्यांच्याबद्दल काहीबाही सांगतात, की चाचा चालत्या मोटारीचं चाक काढायचे, की बोटीच्या कप्तानाला त्यांनी नोकरीवरून काढलं. त्यापेक्षा खरं होतं ते लिहून ठेवते. ते पुरेसं आहे.

चाचा तीस वर्षं मोठ्या जहाजांवर फिटर होते. जगातली सगळी बंदरं बघून आले होते, पण विचाराल तर सांगायचे फक्त तिथल्या इंजिनरूमबद्दल. "दुबई कसं आहे चाचा?" म्हटलं तर, "गरम. पंप चांगले." संपलं. काशीदच्या अलीकडे रस्ता आणि सुरूचं बन यांच्यामध्ये त्यांची नारळाची वाडी, मधोमध घर. त्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळेना. चहा अर्धा झाल्यावर लक्षात आलं. दाराच्या बिजागऱ्या, विजेची बटणं, पंख्याची पट्टी, अगदी आरशाची चौकट, घरातल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच उभी होती. एकसुद्धा आडवी नाही, तिरकी नाही.

"आडवी खाच पानी धरते, मीठ धरते, गंज धरते," चाचा म्हणाले. "उभ्या खाचेतून पानी गळून जातं. जहाजावर शिकलो."

"घरात कुठलं पाणी?"

"सवय घरात आन् बाहेर वेगळी ठेवली तर ती सवय न्हाय बाय, नाटक हाय."

पुतणीच्या निकाहात जेवणाच्या पंगतीतून उठून मंडपवाल्याच्या पंख्यांचे स्क्रू उभे करून आले होते. खिशात पेचकस कायम. लोकांच्या खिशात अत्तराची बाटली असते तिथे. चाची म्हणायची, "माझ्या नशिबी हा मानूस आला. दर जुम्म्याला घरातलं सगळं आवळून ठेवतो. शनिवारी माझा कुकर उघडत न्हाय, मसाल्याची बरनी उघडत न्हाय. शेजारणीला बोलवून दोघी ओढतो." चाचा हे ऐकून खूश व्हायचे. त्यांना ती तारीफ वाटायची.

मशीनचं तेल ते जिभेच्या टोकाला लावून बघायचे. थुंकायचे आणि सांगायचे, "ह्यात रॉकेल." अलिबागच्या दुकानदाराशी फोनवर भांडताना मी त्यांना ऐकलं आहे: "मी काय खोटं बोलतो? चव घे! तू घे चव!"

पण खरी भीती लोकांना त्यांच्या रजिस्टरची होती. जाड पुठ्ठ्याचं, निळं, पानापानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यात काय बिघडलं, तिसऱ्यात काय केलं, हे दोन चाचा लिहायचे. मधल्यात का बिघडलं, आणि तो वस्तूच्या मालकाने स्वतःच्या हाताने भरायचा. भरल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय वस्तू परत नाही. कितीही ओळखीचा असो. दुरुस्तीचे पैसे मागायचे नाहीत, हा रकाना मागायचे. त्यामुळे गावातले निम्मे लोक फुकटची दुरुस्ती सोडून मुरुडला पैसे देऊन यायचे.

नागावच्या एका होमस्टेवाल्याचा पाण्याचा पंप जळाला होता. चाचांनी दोन दिवसांत बांधून दिला आणि रजिस्टर पुढे केलं. त्याने लिहिलं, 'व्होल्टेज कमी-जास्त'. चाचांनी रेघ मारली. त्याने लिहिलं, 'कंपनीचा दोष'. रेघ. खरं कारण असं की गडी पिऊन झोपला आणि पंप रात्रभर कोरडा चालला. आणि गडी म्हणजे गडी नव्हता, स्वतः मालकच होता. तो रागावून गेला. पंप पावसाळाभर चाचांच्या पडवीत बसून राहिला, फडक्याने झाकून, रोज पुसलेला. होमस्टेवर माणसं विहिरीवरून बादलीने आंघोळी करत होती आणि मालक त्यांना सांगत होता, हा कोकणचा खास अनुभव आहे. गणपतीत नवी गिऱ्हाइकं यायची वेळ आली तेव्हा तो परत आला, मान खाली घालून मधल्या रकान्यात लिहिलं, 'मी प्यालो होतो'. चाचांनी पंप त्याच्या टेम्पोत स्वतः उचलून ठेवला, वर डझनभर शहाळी दिली.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना चाचा? मग तोंडावर का नाही सांगितलं?"

"मी कुनाला तोंडानं खोटा म्हनत न्हाय. माझं काम न्हाय ते. कागद ठेवतो पुढं."

आता माझ्या बंदुकांचं सांगते. आणि सांगतेच आहे तर सगळं सांगते. फुग्याची बंदूक सरळ मारत नाही. हे सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त बंदूक हातात घेतलेल्या माणसाला वाटतं की आपल्यापुरती ती सरळ मारेल. माझ्याकडे तीन होत्या. एक सरळ ठेवायचे, ती पोरांना, म्हाताऱ्यांना आणि नवऱ्याबरोबर भांडून आलेल्या बायकांना. उरलेल्या दोन्ही, चार टक उजवीकडे. त्या गॉगल लावून, पाय फाकवून उभं राहणाऱ्यांना. दहापैकी दहा फोडले तर मोठा टेडी बक्षीस. तो टेडी तीन वर्षं टांगलेला होता. दर मे महिन्यात मी त्याला धुऊन वाळत घालायचे. त्यात मला कधी चोरी वाटली नाही. माझा नवरा आगरदांड्याच्या फेरीबोटीवर, घराचा निम्म्याहून जास्त भार या तीन बंदुकांवर, आणि गॉगलवाल्यांना नऊ फुगे चुकल्याने काही होत नाही. उलट बायकोसमोर थोडी हवा जाते, ते बरंच.

स्टॉल बंद झाला की बंदुका चाचांच्या पडवीतल्या लोखंडी पेटीत ठेवायच्या आणि सकाळी नवाला काढायच्या. सुरुवातीला माझ्या लक्षात एक गंमत आली. काल चार टक उजवीकडे केलेली बंदूक सकाळी सरळ असायची. मला वाटलं, झटक्याने येत असेल. गिऱ्हाइकं आपटतात, त्यानेही होत असेल. मी परत चार टक फिरवायचे. दुसऱ्या दिवशी परत सरळ. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी साईटची पट्टी बसवायचे दोन छोटे स्क्रू आहेत, त्यांच्याकडे नजर गेली. दोन्ही खाचा उभ्या.

मी मान वर केली. समोर चाचा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपर चेहऱ्यापुढे इतका उंच धरला होता की फक्त टोपी दिसत होती.

'माझी वाकडी बंदूक सरळ का केलीत' असं कुणी विचारतं का? पाठ वळवली, चार टक फिरवले, स्क्रू मुद्दाम तिरके आवळले आणि फुगे बांधायला घेतले. त्यांनीही कधी विषय काढला नाही. ते पहाटे फजरची नमाज पढून आले की काळा दोरा ताणून काट्यापासून खाचेपर्यंत सरळ रेघ बघायचे आणि साईट जागेवर आणायचे. हे मला चाचीने फार पुढे सांगितलं. मी नवाला वाकडी करायचे. दीड-दोन वर्षं. दोघंही एकमेकांना 'सलाम चाचा', 'ये बाय, चाय घे' म्हणत होतो. मधल्या काळात दोन नव्या साईट घासून गेल्या. प्रत्येक वेळी आम्ही दोघं त्या घासलेल्या चकतीकडे बघून हळहळायचो. मी म्हणायचे, "आजकाल माल चांगला येत नाही." ते म्हणायचे, "जस्ताचं ओततात. नरम." आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळायचो.

मग तो व्हिडिओ आला. एका पाहुण्याने दहा बार मारले, दहाही हुकले, त्याच्या मित्राने ते मोबाइलवर घेतलं आणि खाली लिहिलं, 'काशीदची फसवणूक'. माझा टेडी त्यात अगदी स्पष्ट दिसत होता. तो सगळीकडे फिरला. गुरुवारी दुपारी पंचायतीचा शिपाई सांगून गेला की सोमवारी सकाळी पंचायतीचे सदस्य येऊन बंदुका तपासणार. वाकडी निघाली तर स्टॉल बंद. येणाऱ्या सदस्याच्या मेव्हण्याला नेमक्या त्याच कोपऱ्यावर मोमोची गाडी लावायची होती, हे शिपायाने न विचारता सांगितलं. त्याला शहाळं पाजलं.

मी लगेच बंदुका सरळ करायला घेतल्या. सरळ होईनात. त्या वेळेपर्यंत दोन्ही चकत्या अशा झिजल्या होत्या की सरळ नेमाच्या आसपास गोळी कुठल्याच खाचेत बसत नव्हती. टक आवाजच नाही. सरळ करून एक बार मारला की पट्टी सरकली. एक छर्रा डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा नारळाला. इतकी वर्षं मी म्हणेन तिकडे मारणाऱ्या बंदुका आता कुणाच्याच म्हणण्यात नव्हत्या. मुंबईहून नवा भाग यायला आठ दिवस. फक्त सरळवाली एक बंदूक पुढे करावी, तर व्हिडिओत तिन्ही दिसत होत्या.

शुक्रवारी दोन्ही साईट रुमालात बांधून चाचांपुढे ठेवल्या. त्यांनी भिंग लावून बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"होईल," म्हणाले. "पोलादाची चकती करतो. जहाजाच्या जुन्या गेजची तबकडी हाय माझ्याकडे, त्यातून निघंल. सोमवारच्या आत देतो." आणि टेबलाच्या खणातून निळं रजिस्टर काढून माझ्यापुढे सरकवलं. वर पेन ठेवलं.

मी लिहिलं, 'खारी हवा'.

चाचांनी ते वाचलं. "खारी हवा फक्त उजव्या बाजूनं वाहते काय गो?"

"म्हणजे?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. चकतीवर एकूण वीसेक खाचा. मधलीपासून उजवीकडच्या चार गुळगुळीत. बाकीच्या सगळ्या कारखान्यातून आल्या तशा कोऱ्या. रेघ मारली.

मी लिहिलं, 'वाळू'.

"ही वाळू चार घरं मोजून थांबते? शिकलेली दिसते." खाचेला ते घर म्हणायचे. रेघ.

स्वयंपाकघरात चाचीचं भांडं घासणं थांबलं होतं.

मी लिहिलं, 'गिऱ्हाइकं फिरवतात'.

"पेचकस घेऊन पोहायला येतात?" रेघ. पानावर जागा कमी उरली होती. "बाय, मला घाई न्हाय. सोमवार तुझा हाय, माझा न्हाय."

भिंग अजून माझ्या हातातच होतं म्हणून मी परत एकदा खाचेत बघितलं. आधी राग आला होता म्हणून नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं आणि राग पार उतरला. खाच म्हणजे छोटी दरी, तिला दोन उतार. चाक उजवीकडे फिरवताना गोळी एका उतारावर घासून चढते, डावीकडे आणताना दुसऱ्या. चाचांनीच मला हे पहिल्या साईटच्या वेळी समजावलं होतं.

"चाचा," मी म्हटलं, "इकडे या जरा. हे घर दोन्ही बाजूंनी घासलंय."

"असंल."

"असंल कसं? उजवीकडे जाताना घासलं ते मी समजू शकते. येताना कुणी घासलं? मी तर आणत नाही परत. मला कधी आणावीच लागली नाही."

चाचांनी भिंग घेतलं, डोळ्याला लावलं, काढलं, लुंगीला पुसलं, परत लावलं. आतून चाचीचा आवाज आला, "लिवा की आता! फजर झाली की काळा दोरा घेऊन कुठं जाता ते लिवा! दोन वर्षं झाली, माझ्या शिवणाच्या डब्यात दोरा राहात न्हाय!" आणि ती अशी हसत सुटली की तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

मी पेन उचललं आणि लिहिलं, 'मी रोज वाकडी करते'. सही केली. रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. चाचांनी उर्दू शाळेत शिकलेला हात सांभाळत, एकेक अक्षर कोरत माझ्या खाली लिहिलं, 'मी रोज सरळ करतो'. सही केली. मग म्हणाले, "तुझं आधी चुकलं."

"तुमचं लपून चुकलं."

"लपून न्हाय. पेपराच्या मागून."

शनिवार-रविवार मी स्टॉल बंद ठेवला. गर्दीच्या दोन दिवसांत स्टॉल बंद ठेवणं म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. चाचा पडवीत कानस घेऊन बसले होते. तबकडीतून दोन चकत्या कापल्या, घासल्या, तिकोनी कानसीच्या टोकाने खाच पाडली, चुलीत लाल करून तेलात बुडवल्या. ते तेल अर्थात आधी चाखून झालं होतं. मी साईटमध्ये तेलाचा थेंब सोडायला गेले तर हातावर चापट बसली. "तेल वाळू धरतं. मेन लाव." तेव्हापासून मी मेण लावते.

रविवारी दुपारी चकत्या बसल्या. मी चाक फिरवून बघितलं. टक. छान, भरीव आवाज. पुढे फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. गुळगुळीत. परत मध्ये आणलं. टक.

"चाचा, एकच घर पाडलंत?"

"मधलं."

"आणि बाकीची?"

"बाकीच्या घरात आता कोन राहातंय?" असं म्हणून ते हात धुवायला गेले.

सोमवारी सदस्य आले. गॉगल. बरोबर दुसऱ्या एक सदस्य, एक मध्यमवयीन बाई, पोलकं-पातळ, खांद्याला पिशवी. येता येता बाजार करून आल्या होत्या. शिपाई मागे. चाचांनी खुर्ची स्टॉलच्या अगदी जवळ आणून ठेवली होती. मी तिन्ही बंदुका फळीवर मांडल्या आणि हात मागे बांधून उभी राहिले.

सदस्यांनी कॉलेजात असताना एनसीसी केल्याचं सांगितलं. बंदूक उचलली, पाय फाकवले, बार काढला. हुकला. दुसरा. हुकला. तिसरा फळीच्याही बाहेर.

"झालं," ते बंदूक ठेवत म्हणाले. "वाकडी आहे. शिपाई, लिहून घ्या."

आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच बंदुकीने दहा पावलांवरून नारळाच्या झावळीवरचा ठिपका पुसून काढला होता. पण मी बोलले तर काय, बोलणार कोण, तर जिची बंदूक तीच.

चाचा खुर्चीतून म्हणाले, "साहेब, तुमी बार काढताना दोनी डोळे मिटता."

"कोण म्हणतं?"

"गॉगल काढा, मग सगळेच म्हनतील."

शिपाई खोकला. सदस्य लाल झाले. "तुम्ही यांचे जमीनमालक. तुम्ही यांचीच बाजू घेणार."

"मी बाजू घेत न्हाय. मी स्क्रू घेतो." चाचा उठले, बंदूक उचलली, छर्रा भरला आणि सरळ त्या दुसऱ्या सदस्य बाईंपुढे धरली. "ताई, तुमी मारा."

"अगो बाई, मी न्हाय. मी कधी हात न्हाय लावला."

"म्हनूनच. काटा खाचेत बसवा, फुगा काट्यावर बसवा, आन् बोट हळू ओढा. मच्छी साफ करताना काटा ओढता ना, तसं. झटका द्यायचा न्हाय."

बाईंनी पिशवी शिपायाकडे दिली, पदर खोचला. फट. लाल फुगा गेला. त्यांनी बंदूक खाली करून आधी आमच्याकडे, मग फुग्याच्या जागेकडे बघितलं. "आणखी एक द्या," म्हणाल्या. फट. "आणखी." सात झाले तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबले. दहा झाले तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरी बंदूकही त्यांनीच मागून घेतली. तिचे नऊ गेले, दहावा वाऱ्याने हलला. त्यांनी टेडीकडे बोट केलं. मी शिडीवर चढून तो काढला. गेल्या मेच्या धुण्यानंतर त्याच्या मागे पालीने घर केलं होतं.

सदस्यांनी 'बंदुका सरळ आढळल्या' अशी नोंद केली, कारण एवढ्या लोकांसमोर दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पत्रावर सही केली. ते निघाले तशी चाचांनी निळं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. पहिल्या रकान्यात लिहून आणलं होतं, 'तीन बार हुकले'. मधला रकाना कोरा.

"हे काय?"

"आमच्याकडं रीत हाय साहेब. ज्याचं बिघडलं त्यानं कारन लिवायचं."

सदस्यांनी चारी बाजूंना बघितलं. बाई टेडी काखेत घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेन घेतलं आणि घाईघाईने लिहिलं, 'ऊन'. ऊन तेव्हा त्यांच्या पाठीवर होतं. चाचांनी वर एक रेघ मारली, आणि सदस्य दुसरं कारण शोधायला न थांबता मोटारसायकलकडे गेले.

स्टॉल राहिला. पण दुपारपर्यंत बातमी पसरली की काशीदला एका फुगेवाल्या बाईकडे बंदूक सरळ आहे. संध्याकाळी रांग लागली. आणि सगळेच फोडत होते. पोरं फोडत होती, पोरांचे बाप फोडत होते, आजवर माझ्याकडे कधी सहाच्या वर न गेलेला रिक्षावाला दहाच्या दहा फोडून बक्षीस मागत होता, आणि टेडी तर गेलेला. मी फुगवत होते आणि ते फोडत होते. तोंड दुखायला लागलं. फुग्यांची मोठी पाकिटं संपली. अंधार पडायच्या आत मला नीट कळून चुकलं की हे असं आठ दिवस चाललं तर पंचायतीला स्टॉल बंद करायची गरजच पडणार नाही, मीच करीन. बंदुका पेटीत ठेवताना चाचा म्हणाले, "काय गो, आज धंदा जोरात?" मी म्हटलं, "हो चाचा, फार जोरात," आणि पेटीचं झाकण जरा आपटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवाच्या ऐवजी सातलाच गेले. गिऱ्हाइकं ज्या बांबूला टेकून नेम धरतात त्याचे दोन्ही खुंट उपटले, चार पावलं मागे मोजली आणि तिथे ठोकायला सुरुवात केली. दोन घाव पडले असतील नसतील, चाचा दारात आले. माझ्याकडे बघितलं. खुंटांच्या जुन्या खड्ड्यांकडे बघितलं. मी हातोडी धरून उभी राहिले.

"बंदूक सरळ हाय ना?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहे."

"किती पावलं घेतलीस?"

"चार."

ते खाली आले, स्वतःच्या लांब टांगांनी खड्ड्यापासून खुंटापर्यंत चालले आणि मान हलवली. "तुझे पाय आखूड हायेत. पाच कर."

मी खुंट उपटले आणि पाच केली.